रंधा आणि शेजारचं दार

पहिला रंधा मी वजनावर विकत घेतला. २०१६ साली, अच्छाडच्या नाक्याजवळ, ट्रकचे जुने जॅक आणि पाने विकणाऱ्या एका टपरीवर. लोखंडी, गंजलेला, पात्याला खाचाच खाचा. टपरीवाला म्हणाला, "न्या मास्तर, वाऱ्याने दार आपटतं ना, त्याला अडवायला मस्त आहे." मी तलासरीजवळच्या शाळेत शिक्षक, खडूपेक्षा जड हत्यार हातात धरायची सवय नाही. तरी तो रंधा तळहातात असा बसला की खाली ठेववेना. घरी बायकोने विचारलं, "याचं काय करणार?" मलाच ठाऊक नव्हतं, म्हणून "बघशील" म्हणालो.

पुढचे दोन महिने रॉकेलने गंज काढण्यात आणि दगडावर पातं घासण्यात गेले. धार लागली का ते हातावरचे केस भादरून बघायचं असं कुणीतरी सांगितलेलं. माझा डावा हात वर्षभर गुळगुळीत होता आणि वर्गातली मुलं त्याकडे संशयाने बघायची. मग एका रविवारी सागाच्या फळीवरून रंधा सुर्रकन गेला आणि कांद्याच्या सालीसारखं पातळ सालपट त्याच्या तोंडातून वर आलं. त्यातून पलीकडची खिडकी दिसत होती. मी ते जपून ठेवलं, बायकोने त्याने शेगडी पेटवली. छान पेटतं म्हणाली. माझ्या कामाला घरातून मिळालेली ती पहिली दाद.

एकाने भागेना. डहाणूजवळच्या आगर गावात होड्या बांधणारे एक म्हातारे मिस्त्री होते. फायबरच्या होड्या आल्यापासून त्यांचं काम कमी झालेलं. त्यांच्याकडे हातभर लांबीचा लाकडी रंधा होता, मोरी माशाचं तेल पिऊन पिऊन काळा झालेला. तीन रविवार मी त्यांच्या अंगणात चहा पीत बसलो. चौथ्या रविवारी ते म्हणाले, "कपाटात ठेवायचा असंल तं नाय देनार. काम देनार असाल तं न्या." मी शब्द दिला. त्या तेलाच्या वासामुळे घरात मात्र रंध्याला प्रवेश मिळाला नाही, तो ओटीवरच राहिला.

आता काम हवं ना? २०१८च्या श्रावणात ते चालून आलं. आमच्याकडे पावसाळ्यात दारं फुगतात, खांदा लावल्याशिवाय उघडत नाहीत. दर वर्षी लोक शिव्या देतात आणि दिवाळीपर्यंत थांबतात, दारं आपोआप बसतात. मला थांबवेना. आधी आमचं दार तासलं, मग समोरच्यांचं, मग शेजारच्या काकूंचं.

काकू एकट्या राहायच्या. मुलगा वापीला नोकरीला, दर महिन्याला येऊन "आई, चल माझ्याकडे" म्हणायचा आणि काकू दर महिन्याला नाही म्हणायच्या. दाराबद्दलही त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे मास्तर, आपसूक सुकंल." पण मी बिजागऱ्या सोडवूनही मोकळा झालो होतो. ओल्या सागावर लांब रंधा लोण्यातून जावा तसा गेला. खरं सांगतो, मला थांबायचंच नव्हतं. पायाशी सालपटांचा ढीग झाला तेव्हा कुठे भानावर आलो.

दिवाळी झाली, हवा कोरडी पडली आणि मी तासलेली सगळी दारं आकसली. आमच्या बंद दारातूनही मांजर ये-जा करू लागलं. काकूंच्या दाराला बोटभर फट पडली, कडी जेमतेम टेकायची, धक्का दिला की दार सताड उघडं. काकू आतून दोरी बांधून झोपू लागल्या. मुलाला आयतं कारण मिळालं. "दार लागत नाही आणि तू इथे एकटी? पुढच्या वेळी न्यायलाच येतो." काकू त्याच्याजवळ माझ्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या हौसेपायी त्या बाईचं घर सुटणार होतं.

जानेवारीत मी दाराच्या कडेला सागाची पट्टी चिकटवली आणि दोन्ही रंधे लावून ती सावकाश, जीव मुठीत धरून बसवली. चौकटीत कागद सरकणार नाही इतकी चोख. काकूंनी चार वेळा दार लावून बघितलं आणि दोरी टाकून दिली.

पण त्या हिवाळ्यात आमच्याकडे जमीन हलत होती. भांडी वाजायची, लोक अंगणात पळायचे, परत आत यायचे. फेब्रुवारीतल्या एका दुपारी जरा जास्तच हललं. सगळे बाहेर आलो, काकू नाहीत. त्यांची चौकट किंचित तिरकी झाली होती आणि माझं चोख दार तिच्यात घट्ट अडकलं होतं. आतून त्या दार ओढत होत्या, बाहेरून मी खांदा मारत होतो. तिसऱ्या धडकेला उघडलं. एवढा मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

काकू पायरीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, तुमचा रंधा आना."

"आत्ता?"

"आत्ताच. बोटभर फट पायजे मला."

अंगणात चटया टाकून बसलेल्या सगळ्या आळीसमोर मी ते दार पुन्हा तासलं. काम संपेपर्यंत मागे आणखी तीन घरं नंबर लावून उभी होती.

धक्क्याची बातमी ऐकून संध्याकाळी मुलगा वापीहून आला. आईला धडधाकट बघून त्याचा जीव भांड्यात पडला, मग त्याचं लक्ष दाराकडे गेलं. फटीत बोट घालून तो म्हणाला, "हे परत कोणी केलं?" मी रंधा हातात घेऊन तिथेच उभा होतो, लपवणार कुठे?

"मी करून घेतलं," काकू म्हणाल्या. "श्रावणातबी मीच सांगितलेलं. मास्तर नकोच म्हनत होते."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात काकूंनी माझ्यावर डोळे वटारले.

"आता मला पटकन बाहेर पडता येतं," त्या मुलाला म्हणाल्या, "मंग तुझ्याकडं कशाला येऊ?"

तो रात्री जेवून एकटाच परत गेला.