खाण की लॅपटॉप

"मॅडम, हिरवी टिक खाणीला द्या आणि प्रिंट काढा. काका बाहेर बसलेत," आमचे ब्रँच मॅनेजर म्हणाले.

नवी पेठेत कापड दुकानाच्या वर आमचं शेअर ब्रोकरचं ऑफिस आहे. मी तिथे रिसर्च बघते. रिसर्च म्हणजे हेड ऑफिसच्या तक्त्यात दोन कंपन्या शेजारी शेजारी मांडायच्या आणि एकीला हिरवी टिक द्यायची. त्या दिवशी एकीकडे लोहखनिजाची खाण होती, दुसरीकडे लॅपटॉप बनवणारी कंपनी. वांगी आणि विटा एका तराजूत घालण्यातला प्रकार, पण हेड ऑफिसला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

बाहेर बसले होते होटगीचे कांबळेकाका. मालगाडीचे गार्ड म्हणून नुकतेच रिटायर झालेले. नोकरीभर रेल्वे क्वार्टरमध्ये राहिलेल्या या माणसाला वर्षभरात फंडाच्या पैशातून स्वतःचं घर बांधायचं होतं. वर्षात लागणारा पैसा शेअरमध्ये घालू नये, हे या धंद्यातलं बालवाडीचं ज्ञान. आमच्या ब्रँचला टार्गेट असल्यामुळे ते चालत नाही.

सरांना खाण आवडली ती पी/ईमुळे. शेअरची किंमत भागिले शेअरमागचा वर्षाचा नफा, हा पी/ई. तो लहान म्हणजे शेअर स्वस्त. खाणीचा चार होता, लॅपटॉपचा बावीस.

"सर, खनिजाचा भाव चढलाय म्हणून नफा फुगलाय. भाव उतरला की नफा गेला. खाणीचा शेअर पडायच्या आधीच सगळ्यात स्वस्त दिसतो."

"चार म्हणजे चार, मॅडम. क्लायंटला एवढंच समजतं."

सरांचं गणित चौथीत पक्कं झालं होतं आणि तिथेच थांबलं होतं.

"मग लॅपटॉपला द्या टिक," ते वैतागून म्हणाले.

"त्यांनी दुकानदारांच्या गळ्यात माल मारून विक्री वाढवलीय. समोरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात खोकी छताला टेकलीत. नवं मॉडेल आलं की ती कोण घेणार?"

"कुणाला तरी द्यावीच लागते. तक्त्यात 'कोणीच नाही' असा रकाना नाही."

काकांना आत बोलावलं. सरांनी खाणीचं गुणगान केलं. काकांनी कागद नीट वाचला.

"साहेब, ही कर्नाटकातली खाण न्हवं? तिकडच्या गाड्यांवर मी गार्ड हुतो की. त्यांचे मोकळे डबे महिनाभर आमच्या यार्डात उभे हायत. सकाळी फिराया जातो तवा रोज बघतो. माल जातोय तर डबे मोकळे कशापायी?"

"काका, हा टेक्निकल विषय आहे," सर हसून म्हणाले. ज्याने उभी हयात त्या डब्यांच्या मागे काढली, त्याला हे ऐकवताना त्यांना जराही लाज वाटली नाही. मला मात्र वाटली.

काका माझ्याकडे वळले. "ताई, तुमच्या घराचे पैसे तुमी हितं लावले असते का?"

"नाही, काका. यातल्या कशातच नाही."

काकांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि पैसे बँकेत एफडीत टाकले. माझं त्या वर्षीचं इन्क्रिमेंट गेलं.

चारेक महिन्यांत खनिजाचा भाव उतरला आणि खाणीचा शेअर निम्म्यावर आला. लॅपटॉप कंपनीचा जुना माल दुकानांतून परत आला, तोही शेअर पडला. सरांनी स्वतः खाणीचे शेअर घेतले होते, हे ते दर पाच मिनिटांनी तिचा भाव बघायचे त्यावरून मला कळलं.

पुढच्या वर्षी काकांनी आम्हा दोघांना नव्या घरी बोलावलं. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. सरांनी त्यांना बाजूला घेतलं. "काका, खरं सांगा, टिप कुणाची होती?"

"टिप कसली, साहेब? डबे मोकळे हायत म्हणून तुमालाच सांगितलं की."

सरांनी ते हेड ऑफिसला कळवलं. सोमवारी आमच्या तक्त्यात 'मोकळे डबे' असा नवा रकाना आला. लॅपटॉप कंपन्यांसमोरही तो भरावा लागतो. 'कोणीच नाही' हा रकाना अजून आलेला नाही. तो मी क्लायंटच्या कॉपीवर पेनाने आखून देते.