महिनाभर थांबलेला संदल

उमरखेडच्या वाटेवर आमचं गाव. गावाच्या टेकडीवर दर्गा, आणि छप्पन्न साली तिथले मुजावर झाले नसरुल्ला मौलवी. बुऱ्हाणपुरात अकरा वर्षं फारसी शिकून आलेला माणूस. पण सकाळी पाहाल तर दर्ग्यामागच्या वावरात कपाशीची पऱ्हाटी निंदत बसलेला! निंदता निंदता फारसी बैत म्हणायचे. शेजारच्या बांधावरून बाया अर्थ विचारायच्या, आणि मौलवी तो वऱ्हाडीत समजावून द्यायचे.

उरुसाचा रिवाज जुना. मजारीवर पहिलं चंदन, म्हणजे संदल, बंजारा तांड्याचं. नायकानं वाटी डोक्यावर घेऊन यायचं; तोवर दुसऱ्यानं चंदन लावायचं नाही. नायकीचा मान त्याच वाटीवर.

अठ्ठावन्न साली म्हातारा नायक वारला आणि पगडी लेकाला, सेवादासला आली. उरुसाचा दिवस उजाडला, मावळला. तांडा आलाच नाही. चादर चढली, पंगती उठल्या. लोक म्हणाले, आता लावा चंदन. मौलवी म्हणाले, बाकी सारं करा, संदल राहू द्या.

महिना गेला. आम्ही कापूस वेचत होतो, तर वाटेनं डफडं ऐकू आलं. पुढे वाटी घेऊन सेवादास, मागे मलिद्याची टोपली घेतलेली त्याची आई मानीबाई, आणि नाचत येणारा अख्खा तांडा! झालं होतं असं, की बापानं दोन वर्षं दसऱ्याच्या चांदाला संदल नेला, म्हणून लेकानंही तोच चांद धरला. पण त्या साली आपल्यात धोंड्याचा महिना आलेला. मुसलमानी वर्षाला धोंडा ठाऊक नसतो, त्यामुळे उरुस दसऱ्याच्या महिनाभर आधीच होऊन गेला!

आमचे पाटील पुंडलिकराव तोंड उघडणार, तोच मौलवींनी त्यांना नजरेनं गप्प केलं. हात धुतले, फेटा बांधला आणि पायऱ्या उतरून सामोरे गेले.

संदल लागला. मलिदा खाताना सेवादासनं आजूबाजूला पाहिलं. ना दुकानं, ना पाळणे. चेहरा उतरला.

"मौलीसाब, पह्यल्याच साली चुकलो का मी?"

"तू कायले चुकतो, नायका? संदल लागल्याबिगर उरुस सरत नाई. आमचा महिनाभर चालूच होता."

"मंग महिनाभर मले मलिदा काहून नाई भेटला?" पुंडलिकराव म्हणाले. मानीबाईनं टोपलीच त्यांच्यापुढे सरकवली. सेवादास हसला, तेव्हा कुठे डफडं परत वाजलं.

पुढं दरसाल मौलवी आधीच तांड्यावर तारीख सांगायला जाऊ लागले. काम घडीभराचं, पण मानीबाई तीन-तीन दिवस सोडत नसे. एकसष्टात तर त्यांना आणायला आम्हीच बैलगाडी जुंपून गेलो, आणि आम्हीही दोन दिवस तिथंच राहिलो.