पाठीमागून घातलेला रामराम

नदीकाठचा नवा रस्ता झाला आणि सकाळी सगळं बीड तिथंच लोटायला लागलं. चालणारे, सायकलवाले आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरी. त्या घोळक्यानं पळायच्या, आणि त्यांचे पाय मागून वाजले की मी रस्त्याच्या कडेला सरायला बघायची.

कारण आमचे हे. एसटीत ड्रायव्हर होते, जन्म वडवणीच्या रस्त्यावर गेला. गेल्या वर्षी बाथरूममध्ये पडले आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, रोज चालवा, पण आता पडले तर पुन्हा उभे राहणार नाहीत. तेव्हापासून मी रस्त्यावर यांच्या मागं, सदऱ्याचं टोक धरून चालते. लोक हसतात, हसू देत.

पोरी मात्र गुणाच्या. मोठ्या माणसाला "साईड द्या" कसं म्हणायचं, म्हणून मागूनच ओरडायच्या, "काका, रामराम!" आणि यांचा एक कान पार गेलेला. हाक ऐकू येते, कुठून आली ते कळत नाही. रामराम घातला आणि माणूस वळला नाही, असं यांच्या हातून होणं शक्यच नाही. म्हणून हे जागच्या जागी गर्रकन फिरायचे, पळणाऱ्यांच्या वाटेत.

एकदा तसेच फिरले आणि सगळ्यात पुढची पोरगी कशीबशी वाकडी झाली, तरी तिचं कोपर लागलंच. हे झुलले. मी दोन्ही हातांनी सदरा ओढला, बटण तुटलं, पण उभे राहिले. घरी येईपर्यंत मी सदरा सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या पोरीला गाठलं. "बाई, काकाला हाक मारू नका. लांबून, गुपचूप जा."

"चुकलं, काकू," ती म्हणाली. मग पोरी तशाच गुपचूप जायला लागल्या.

आठवड्याभरात यांनी बूट घालणं सोडलं. म्हणाले, "कशापायी जायचं तिथं? कुणी रामराम घालीना. मी काय मेलो हाय का?"

दिवसभर खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. आता मला पडण्याहून या पडून राहण्याची भीती वाटायला लागली. तिकडून नाही तर इकडून, माणूस जाणारच होता. मग आठवलं, यांच्या गाडीत मी पुढच्या सीटवर बसायची तेव्हा हे समोरून येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला हात करायचे. स्टेअरिंग न सोडता, मान न वळवता.

मी पुन्हा पोरींकडे गेले. "रामराम घाला. पण पुढं जाऊन, समोरून."

यांना ओढूनच नेलं. मागून पाय वाजले, मी डोळे मिटले. पाय लांबून निघून गेले. मग पुढून आवाज आला, "काका, रामराम!" ती पोरगी आमच्याकडे तोंड करून उलटी पळत होती. यांनी उजवा हात वर केला, पाय सरळच पडत राहिले.

"आगं पोरी, म्होरं बघ, पडशील!" हे ओरडले. आणि मला म्हणाले, "तू सोड की सदरा आता."

सोडला. हात मात्र तिथंच, सदऱ्यापासून बोटभर अंतरावर धरून मी मागं चालत राहिले.