धुक्यात न वाजलेला शंख

बाल्बिनाला आर्नेला गावात सगळे शंखवाली म्हणत. तिच्या आधी तिचा बाप शंख वाजवायचा. तो गेल्यावर काम तिच्याकडे आलं. काम एवढंच की धुकं उतरलं, की कड्याच्या टोकावर जायचं आणि शेवटची होडी धक्क्याला लागेपर्यंत फुंकत राहायचं. त्या आवाजाच्या रोखाने माणसं घरी यायची. स्पेनमधल्या गालिसियाच्या त्या किनाऱ्याला खलाशी मृत्यूचा किनारा म्हणतात, आणि आर्नेलाच्या खाडीच्या तोंडाशी तर पाण्याखाली खडकांची रांगच आहे. प्रत्येक होडीतून तिला वाट्याचा मासा मिळे, आणि चर्चमध्ये पुढच्या बाकावर जागा.

ती सव्वीस वर्षांची असताना एवारिस्तो नावाच्या होडीवाल्याने तिला सोडून दोरिंदाशी लग्न केलं. त्याआधी दोन वर्षं तो बाल्बिनाच्या दारावरून शीळ घालत गेला होता, सगळ्या गावाने ऐकलं होतं. लग्न झालं, दोरिंदाला मुलगाही झाला, तरी धुण्याच्या टाकीवर दोघी समोरासमोर आल्या की बायका हळूच हात थांबवून ऐकायच्या.

पुढे मार्चमधल्या एका सकाळी दोरिंदा चादर पिळता पिळता म्हणाली, “बाल्बिना, आज धुकं पडलं तर जरा बेतानं फुंक हं. आमच्या ह्यांना तुझा आवाज ओळखीचा. चुकून तुझ्याच दारात जाऊन उभे राहायचे!”

बायका पोट धरधरून हसल्या. बाल्बिना पण हसली. घरी आली तेव्हा तिचे कान तापलेले होते.

दुपारी जेवणं आटोपता आटोपता धुकं आलं. ती शंख घेऊन टोकावर गेली, तिच्या नेहमीच्या दगडावर बसली, शंख मांडीवर ठेवला आणि फुंकला नाही.

तिला कुणाचा जीव घ्यायचा नव्हता. तिला एवढंच हवं होतं, की दोरिंदानं घागरा सावरत, धापा टाकत त्या चढणीने वर यावं आणि म्हणावं, “फुंक गं बाई, पाया पडते तुझ्या.” मग ती फुंकणार होती. ती पायवाटेकडे बघत राहिली. येतच असेल, आता येईल. एक अख्खी जपमाळ ओढून व्हावी एवढा वेळ गेला. कुणी आलं नाही. गावाला वाटलं, वारा उलटा आहे म्हणून ऐकू येत नसेल. शंखवाली वर गेलीय म्हणजे वाजवतच असणार.

मग एकाएकी तिला खालच्या होड्या आठवल्या. तिने शंख तोंडाला लावला आणि ओठ फाटून रक्त येईपर्यंत फुंकला. दोन होड्या आल्या. तिसरी एवारिस्तोची होती, ती खडकांवर फुटली होती. चौघांतला एकटा फारुको वल्ह्याला धरून वाचला. एवारिस्तो आणि दुसरे दोघे तीन दिवसांनी पुळणीवर सापडले.

फारुको शुद्धीवर आल्या आल्या म्हणाला, “तासभर कान देऊन गोल गोल फिरत होतो. शंख वाजलाच नाही.”

“वाजला की! मी माझ्या कानांनी ऐकला,” एक बाई म्हणाली. दुसरीनेही ऐकला होता. ऐकला होताच त्यांनी, पण नंतरचा.

तेव्हा गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने निकाल दिला. फार मागे एक परदेशी लढाऊ जहाज ह्याच खडकांवर फुटलं होतं. त्यातले खलाशी नावाशिवाय पुरले गेले. धुक्यात ते वर येतात आणि शंखाचा आवाज मुठीत धरून ठेवतात, होड्यांपर्यंत पोचू देत नाहीत, असं जुनी माणसं सांगायची. “त्यांनीच गिळला आवाज,” म्हातारी म्हणाली. सगळ्यांनी छातीवर क्रूस काढला. ज्याने तरीही हट्ट धरला, त्या फारुकोचं नाव बहिरा फारुको पडलं.

बाल्बिना तिथेच उभी होती. तिने तोंड उघडलं. कुणीतरी तिचे ओठ पाहिले आणि म्हणालं, “बिचारीने जीव तोडून फुंकला हो!” तिने तोंड मिटलं.

नवव्या दिवशी काळ्या कपड्यांतली दोरिंदा मक्याचा पाव घेऊन तिच्या दारात आली. “तू तुझं काम केलंस. त्या सकाळचं माझं बोलणं मनात ठेवू नकोस गं.”

सांगायचं असतं तर तेव्हाच. बाल्बिना म्हणाली, “नाही ठेवलं.”

पुढची सव्वीस वर्षं दर शनिवारी तिच्याकडे दोरिंदाचा पाव येत राहिला. गोष्टही वाढत गेली. मेलेल्यांच्या मुठी आल्या, त्यांचे हिरवे डोळे आले. बाहेरगावचं कुणी आलं की लोक बाल्बिनाला पुढे करत, आणि लाज वाटण्याची गोष्ट ही, की ती गोष्ट ती फार छान सांगायची. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं तिला जमून गेलं होतं. सांगून झाल्यावर घरी येऊन ती हात धूत बसे.

एका रविवारी शाळेचे नवे मास्तर वही घेऊन गुत्त्यात बसले. त्यांना किनाऱ्यावरच्या जुन्या कथा लिहून घ्यायच्या होत्या. बाल्बिना सांगू लागली. ‘आणि त्यांनी आवाज गिळला’ इथवर आली आणि मास्तरांची लेखणी ते वाक्य उतरवताना तिने पाहिली. आता हे कायमचं होणार, असं तिच्या मनात आलं.

“ते खोडा मास्तर,” ती म्हणाली. “कुणी काही गिळलं नाही. मी वाजवलाच नव्हता. राग आला होता म्हणून बसून राहिले.”

 मग कुणीतरी हसलं. “मावशी, दुसरा पेला चढला वाटतं!”

“वय झालं हो तिचं. मास्तर, तुम्ही मघाचंच ठेवा.”

कोपऱ्यातून फारुको उठला. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला, टोपी हातात घेऊन.

“म्हणजे मी बहिरा नव्हतो,” तो म्हणाला.

“नाही.”

त्याने टोपी डोक्यावर ठेवली आणि बाहेर गेला. लोक अजून हसतच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोरिंदाकडे गेली. दोरिंदा अंगणात बटाटे निवडत होती. बाल्बिनाने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, पायवाटेकडे बघत बसल्याचंसुद्धा.

“किती वेळ?” दोरिंदाने विचारलं.

“एक जपमाळ होईल एवढा.”

दोरिंदाने हातातला बटाटा टोपलीत ठेवला. “सव्वीस वर्षं मी त्या मेलेल्यांना शिव्या घातल्या,” ती म्हणाली. “त्यांच्या थडग्यांवर थुंकले. त्यांनी काय केलं होतं गं?” मग टोपली जवळ ओढून म्हणाली, “जा आता.”

बाल्बिना घरी येऊन वाट बघू लागली. आता गावभर होईल, टाकीवर बायका तोंड फिरवतील, चर्चमधली जागा जाईल. तिने मनाची तयारी केली होती; खरं तर तिला ते हवंच होतं. पण टाकीवर बायका नेहमीसारख्या “या मावशी” म्हणाल्या. दोरिंदाने कुणाजवळही अवाक्षर काढलं नव्हतं.

शनिवारी पाव आला नाही. संध्याकाळी दोरिंदाचा मुलगा आमारो वाट्याचा मासा घेऊन आला. तो आता बापासारखाच होडी काढायचा.

“आईचे हात दुखतायत म्हणे, पीठ मळवत नाही,” तो म्हणाला. “मावशी, उद्या हवा बदलेल असं वाटतंय. वर आहेस ना तू?”

“आहे,” ती म्हणाली. त्याच्या तोंडाकडे तिला बघवेना. तो गेल्यावर मासा तिने तसाच झाकून ठेवला. हा आपण खायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. पण दिवसभर पोटात काही नव्हतं. शेवटी तिने तो तळला आणि चुलीजवळ उभ्यानेच, काटेसुद्धा चोखून, सगळा खाल्ला.