न्यू ब्राउनफेल्सला निघताना

मेतकुटाच्या डाळी भाजायला घेतल्या की त्या दुपारचा मंद, पिवळा उजेड माझ्या स्वयंपाकघरात येऊन थांबतो. लेक अमेरिकेला निघाली होती. सामानाच्या यादीवर मेतकुटासकट माझ्या सगळ्या खुणा करून झाल्या होत्या, पण निघताना हातावर दही द्यायचं ते घरातल्या मोठ्यांनी, आणि ती इतक्या लांब जाते म्हणून सासरे महिनाभर तिच्याशी बोलत नव्हते. रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या आमच्या घराच्या ओसरीत ते खुर्चीवर बसले होते, तलावावरून सुस्त वारा येत होता. शेवटी त्यांनीच विचारलं, “गावाचं नाव काय म्हनलं पोट्टे?” “न्यू ब्राउनफेल्स, दादाजी. जर्मनीतून गेलेल्या लोकांनी तिकडच्या ब्राउनफेल्सचंच नाव दिलं. अशी पुष्कळ गावं आहेत तिथं.” “मंग ते लोकं वापस गेले का जर्मनीले?” ती खोटं बोलली नाही. “नाही. तिथलेच झाले.” “तेच म्हनून राहिलो मी,” म्हणत ते फाटकाकडे बघत राहिले. फाटकावर त्यांनीच रंगवून घेतलेलं त्यांच्या वऱ्हाडातल्या खेड्याचं नाव होतं. नोकरीसाठी रायपूरला आले ते पुन्हा तिथे राहायला गेलेच नव्हते. त्या नावावरून त्यांची नजर लेकीच्या बांधलेल्या सामानावर आली. मग ते म्हणाले, “सूनबाई, दही आन. गाडीची वेळ होऊन राहिली.” त्यांनी तळहातावर दिलेलं दही तिने खाल्लं, तरी त्यांनी तिचा हात सोडला नाही. आता ते नाहीत. लेक फोनवर “घरी पोचले” म्हणते ते घर तिकडचं असतं, आणि ते ऐकून माझा जीव भांड्यात पडतो.