खोपीतला कुंवारा

चार लेकरांचा बाप असून स्वतःला कुंवारा म्हणवणारा माणूस मी एकच पाहिला, तो माझा धाकटा काका. चूक पूर्ण त्याचीही नव्हती. दाभोशात आमच्या घरी गावाला लग्नाचं जेवण घालण्याइतका भात कधी उरलाच नाही. आमच्यात गावजेवणाशिवाय लग्न लागत नाही, त्यामुळे संसार आधी आणि लग्न मागाहून, जमेल तेव्हा. काका-काकीचं वीस वर्षांत जमलं नव्हतं.

त्यात काका बाजाराच्या दिवशी मोखाड्याला ख्रिस्ती प्रार्थनेला जायला लागला. तिथे कोणीतरी पहिल्या प्रेषितांची शिकवण सांगितली. लग्न झालेल्यांनी एकमेकांना सोडू नये. बिनलग्नाच्याने मात्र जमल्यास तसंच राहावं, वासना आवरावी, देवाचं काम करावं. काका मुळात एका जागी न टिकणारा. जेवताना दोनदा उठून बैल बघणार, जीप सुटेपर्यंत तीनदा उतरून चढणार. त्या दिवशी जीपमधून उतरला तो घोंगडी उचलून थेट खळ्यावरच्या खोपीत राहायला गेला.

"माझं लगीन झालंय का? नाही. मग मी कुंवाराच की."

काकीने वाद घातला नाही. फक्त चुन्याची डबी आपल्या कमरेला खोचली. तंबाखू मळायची झाली की काकाला घरी यावं लागे, आणि काकी नखावर मावेल एवढाच चुना देई. तो अंगणात दिसला की शेळ्यांना सांगायची, "सरका गं, ब्रह्मचारी आले."

अशात त्यांच्या थोरलीचं, सुमीचं लग्न ठरलं. आमच्यात आईचं स्वतःचं लग्न लागल्याशिवाय तिला लेकीला हळद लावता येत नाही. काकी माझ्याकडे आली. घरातली पहिली पदवीधर मी, हे मी अभिमानाने सांगते.

"एवढी शिकलीस, तर त्याला समजाव बाय. माझ्या पोरीला दुसरीने हळद लावायची का?"

काकाने प्रार्थनेहून आणलेल्या पुस्तकातच मी ती शिकवण पुढे वाचली आणि खोपीवर गेले.

"काका, ज्याला संयम जमत नाही त्याने लग्न करावं, असंही तेच प्रेषित सांगतात. तू दिवसातून कितीदा घरी येतोस?"

"चुना संपतो गं."

"शेजारच्यांकडे नाही चुना?"

काका उठला, बसला, परत उठला. खोपीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "त्यांच्या चुन्याला चव नाही."

मंडप एकच घातला, जेवणही एकच. आधी सुमीच्या आईबापाचं लग्न लागलं. काकीने डबी सगळ्यांदेखत काकाच्या हातात दिली. त्याने नखभर चुना घेतला आणि डबी तिला परत केली.

खोपी आता मोडली. काका अजून एका जागी बसत नाही, पण फिरून फिरून काकीपाशीच येतो. सुमीला पहिली हळद काकीने लावली.