कपाट बंद ठेवून लालिबेलाला

मंगळवारी सकाळी माझी बायको ड्यूटीवर गेली. ती नर्स होती. दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला की ती वॉर्डात कोसळली आणि गेली. गुरुवारी कागद हातात आले. शुक्रवारी मी आणि मुलगा तिला विमानाने पुण्याला घेऊन गेलो. शनिवारी अग्नी दिला. दिवस उरकून आम्ही दोघे कुवेतला परत आलो.

एगैलातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आल्यावर मी तिचं कपाट उघडलं आणि लगेच बंद केलं. आत ती होती. म्हणजे तिचा वास होता. खोबरेल तेल, चंदनाची पावडर, डांबराच्या गोळ्या आणि या सगळ्याखाली हॉस्पिटलातल्या हात धुण्याच्या साबणाचा एक कडवट पदर. आठवडाभर ती युनिफॉर्ममध्ये असे. साड्या नेसायची ती शुक्रवारी, मंडळाचा काही कार्यक्रम असला की. त्यामुळे त्या साड्या झिजल्या नव्हत्या, पण तिच्या झाल्या होत्या. कपाट जितक्या वेळा उघडेन तितकं आतलं कमी होणार, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी ते क्वचित उघडायचो, बोटभरच, आणि पुन्हा लावायचो. मुलाला याबद्दल काही बोललो नाही. तो बँकेत आहे, इथेच वाढलेला. मी मराठीत विचारतो, तो इंग्रजीत उत्तर देतो, आणि आमचं तसं बरं चाललेलं असतं.

वर्षश्राद्धाला माझी मेहुणी साताऱ्याहून आली, व्हिजिट व्हिसावर. पुण्यातल्या गुरुजींनी व्हिडिओ कॉलवरून विधी सांगितले, आम्ही केले. जेवणं झाल्यावर ती बेडरूममध्ये गेली आणि कपाटासमोर उभी राहिली.

"भाऊजी, वर्ष झालं. आता हे बघायला हवं."

"काय बघायचं त्यात?"

"साड्या आहेत का फाइली? बंद करून ठेवून कसं चालेल?"

"चालतंय वर्षभर."

तिने मुलाकडे पाहिलं. मुलानेही तिच्याकडे पाहिलं. माझा संशय तिथून सुरू झाला.

चारच दिवसांनी मुलाने टेबलावर तिकीट ठेवलं. इथिओपिया. आधी दनाकिलचं ज्वालामुखींचं वाळवंट, मग लालिबेलाची दगडात कोरलेली चर्च. हा माझा आणि बायकोचा जुना बेत होता. मी त्यावर वाचत बसायचो आणि ती म्हणायची, "वाचून झालं असेल तर तिकीट काढा." ते राहून गेलं. आता मुलाने एकट्याचं काढलं होतं.

"बाबा, यू नीड धिस."

"आत्ताच कशाला? मावशी आली आहे."

"मावशी इज फाइन विथ इट."

"मी फाइन आहे बरं का," मेहुणी स्वयंपाकघरातून म्हणाली. "तुम्ही घरात बसून मला धाक दाखवण्यापेक्षा डोंगर बघून या."

दोघांनी हे ठरवून केलं होतं, यात मला शंका उरली नाही. आमच्याकडे वर्ष झालं की गेलेल्या माणसाचे कपडे देऊन टाकतात. मी घरात असताना ते होणार नव्हतं, म्हणून मला घराबाहेर काढत होते. तरी मी गेलो. नाही म्हणालो असतो तर कारण द्यावं लागलं असतं, आणि साडीच्या वासासाठी घर सोडत नाही, असं मला मुलाला सांगता येईना. निघताना मी एवढंच म्हणालो, "कपाटाला हात लावू नका." मेहुणी म्हणाली, "जा तुम्ही." हे हो नव्हतं.

प्रवासात गाइड, ड्रायव्हर आणि मी असे तिघेच. गाइड चाळिशीचा, उंच, हळू बोलणारा. इंग्रजी चांगलं होतं. पाण्याची बाटली देताना तो झाकण स्वतः फिरवून द्यायचा. मला वाटलं, सील आधीच तुटलेलं आहे. पुढची बाटली मी आपल्या हाताने उघडली. तो हसला आणि त्यानंतर प्रत्येक बाटली मला दाखवून, सील पुढे धरून देऊ लागला.

वाळवंटात एक स्थानिक माणूस बंदूक घेऊन आमच्या गाडीत बसला. "पहारा," गाइड म्हणाला. कुणापासून, ते सांगितलं नाही. दल्लोलला जमीन पिवळी, हिरवी, गंजलेली. खालून पाणी उकळत होतं आणि सडक्या अंड्यांचा वास येत होता. मीना अल-अहमदीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या बाजूने वारा आला की आमच्या बाल्कनीत कधीकधी जो वास येतो, त्याची ही मोठी बहीण. गाइड म्हणाला, "माझ्या पावलावर पाऊल टाका. वरचा पापुद्रा पातळ आहे." मी त्याच्या पावलांवर पाऊल टाकत गेलो आणि याला तरी कसं माहीत, असं मनात म्हणत राहिलो. पुढे मिठाच्या मैदानात माणसं कुऱ्हाडीने मिठाच्या लाद्या कापत होती. उंट ओळीने बसले होते. ते सगळं मी पुस्तकात पाहिलं होतं तसंच होतं, आणि मला ते पाहताना सारखी आमची बेडरूम दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सोमवारचा उपास तिचा. ती गेल्यावर तो मी धरला. गाइडला मी सकाळीच सांगून ठेवलं की आज माझा उपास आहे. तो एकदम खूश झाला, छातीला हात लावला, म्हणाला, आम्हीही फार उपास करतो. दुपारी त्याने मोठ्या थाळीत आंबोळीसारखी त्यांची इंजेरा आणली. तिच्यावर मसूरडाळ, हरभऱ्याचं पिठलं म्हणावं असं काहीतरी, कोबी.

"हे मला चालत नाही," मी म्हणालो.

"उपासाचंच आहे. मांस नाही, अंडं नाही, दूध नाही, लोणी नाही."

"पण डाळ आहे."

"डाळीला काय झालं?"

"उपासाला डाळ नाही चालत. धान्यही नाही. दूध चालेल. शेंगदाणे, बटाटा."

"दूध?" तो थांबला. "उपासाला दूध पिता?"

"दही पण."

त्याने वळून ड्रायव्हरला त्यांच्या भाषेत सांगितलं. ड्रायव्हर इतका हसला की त्याला हातातला चहा खाली ठेवावा लागला. मग गाइड माझ्याकडे वळला आणि गंभीरपणे म्हणाला, "तुमचा देव फार समजूतदार दिसतो." पण त्याच्या डोळ्यांत मला दिसलं की हा माणूस उपासाच्या नावाखाली आपल्याला फसवतोय, असं त्याला वाटत होतं. मला त्याच्याबद्दल जे वाटत होतं तेच. उकडलेले बटाटे आले. ते मी खाल्ले. खाताना त्याने माझा फोटो काढला.

फोटोवरून माझ्या लक्षात आलं. तो माझे फोटो सारखे काढत होता. डोंगराचे, उंटांचे नाही. आणि रोज संध्याकाळी एखाद्या उंचवट्यावर जाऊन फोनवर बोलायचा. मधूनमधून माझ्याकडे बघायचा. एकदा वाऱ्यावरून दोन शब्द आले, 'फादर' आणि 'फ्रायडे'. मी शुक्रवारी घरी परतणार होतो.

मीही रेंज मिळेल तिथून मुलाला फोन लावत होतो, व्हिडिओवर. तो दर वेळी गाडीत बसलेला असायचा.

"घरी का नाहीस?"

"जस्ट पार्किंग, बाबा."

"मावशी कुठाय?"

"वर. शी इज बिझी."

"कशात?"

"कुकिंग, आय गेस. तुम्ही जेवलात का?" हे शेवटचं तो मराठीत विचारायचा. मराठीत विचारतोय म्हणजे काहीतरी लपवतोय, असं मी धरून चाललो.

ज्वालामुखीपर्यंत आम्ही पहाटे चढलो. काळा दगड पायाखाली काचेसारखा चुरचुरत होता. वर धूर एवढा होता की आत काही दिसलं नाही. गाइड म्हणाला, "कधी दिसतं, कधी नाही." मी म्हणालो, "मला शुक्रवारच्या आधी परतायचं आहे. तिकीट बदलता येईल का?" तो म्हणाला, "बघू." दुपारीही बघू म्हणाला. लालिबेलाला उतरल्यावरही बघूच म्हणाला.

लालिबेलाची चर्च बांधलेली नाहीत. लाल खडक वरून खाली खोदत नेला आहे आणि खोदताना चर्च तेवढं ठेवलं आहे. मी गाइडला म्हणालो, आमच्याकडे वेरूळला असं एक देऊळ आहे, वरून खाली कोरलेलं. "यापेक्षा मोठं?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो. "असेल," तो म्हणाला, आणि मला कळलं की विश्वास ठेवलेला नाही. आम्ही बूट काढून आत गेलो. आत अंधार, मेणबत्त्या, जुन्या गालिच्यांचा आणि धुपाचा वास. पांढऱ्या शाली पांघरलेल्या बायका भिंतीला कपाळ टेकवून उभ्या होत्या. एका चर्चमधून दुसऱ्यात जायला बोगदा होता, मिट्ट काळोखाचा. गाइड म्हणाला, उजवा हात भिंतीवर ठेवा. मी ठेवला. भिंत हजारो हातांनी गुळगुळीत झाली होती.

क्रुसाच्या आकाराचं जे चर्च चित्रांत असतं, त्याच्या खंदकाच्या भिंतीत एक कोनाडा आहे. त्यात माणसांची हाडं आहेत. वाळलेली पावलंही, बोटांसकट. मी मागे सरलो.

"हे लोकांना दाखवायला ठेवलंय?"

"नाही. यात्रेकरू होते. इथेच मरायचं म्हणून आले."

"मग पुरलं का नाही कुणी?"

"इथेच राहायचं होतं त्यांना," तो म्हणाला. "कोण हलवणार?"

तिथेच मी त्याला विचारलं, "रोज माझ्याबद्दल कुणाशी बोलता?"

त्याने लपवालपवी केली नाही. "तुमच्या मुलाशी. तो रोज विचारतो, वडील जेवले का. मी फोटो पाठवतो. बटाट्यांचा पाहून फार हसला."

"आणि तिकीट?"

"शुक्रवारच्या आधी सोडू नका, असं त्याने सांगितलंय. मी शब्द दिला आहे." जरा थांबून तो म्हणाला, "घरात काही काम चाललंय ना?"

काम. मी कोनाड्यातल्या पावलांकडे पाहत राहिलो. त्यानंतर लालिबेलात आणखी काय पाहिलं ते मला आता नीट सांगता येत नाही.

शुक्रवारी दुपारी मी घरी पोचलो. बूट न काढता सरळ बेडरूममध्ये गेलो आणि कपाट पूर्ण उघडलं. साड्या जागेवर होत्या. सगळ्या. आधीपेक्षा नीट, एकावर एक.

मेहुणी दारात येऊन उभी राहिली. "मोजून घ्या हवं तर. विश्वास नाही ना माझ्यावर? यातली एकही सातारला गेली नाही."

"मग काय करत होतात?"

"घड्या बदलल्या. रेशीम एकाच घडीवर वर्ष-वर्ष ठेवतात का, भाऊजी? जरीच्या तारा घडीवर मोडतात, मग कापड फाटतं. ही बघा." तिने पैठणी काढली. पदराजवळ घडीच्या रेषेवर जर काळी पडून तुटली होती. "अजून एक वर्ष गेलं असतं तर हातात दोन तुकडे आले असते. साड्यांना ऊन-वारा द्यायला घरभर दोऱ्या बांधल्या होत्या, बाल्कनीत, हॉलमध्ये. तुमचा मुलगा म्हणाला, बाबांनी हे बघितलं तर बसतील रडत, त्यांना इतक्यात येऊच द्यायचं नाही."

मुलगा हॉलमध्ये होता. तो आत आला नाही.

"ताईच्या साड्यांना मी परकराच्या वयापासून घड्या घालतेय," मेहुणी म्हणाली. "ती नेसून फेकायची, मी उचलायची." मग तिचा आवाज खाली आला. "पहिल्या दिवशी कपाट उघडलं ना, तर ताईचाच वास आला हो एकदम. मी इथेच खाली बसले आणि रडले. मग खिडक्या उघडल्या."

मी पैठणी हातात घेतली आणि तोंडाशी नेली. उन्हाचा वास होता. थोडी धूळ. मी दुसरी घेतली, मग खालची एक. मेहुणी बघत होती. तिला वाटलं असेल, मी साड्यांना भेटतोय.

"छान केलंस," मी म्हणालो.

"आता दर सहा महिन्यांनी घड्या मोडायच्या. मी शिकवते तुम्हाला."

तिने शिकवलं. पदर आत कसा घ्यायचा, जरीला जर लागू नये म्हणून मधे मऊ सुती कापड कसं घालायचं. ती साताऱ्याला परत निघाली तेव्हा मी तिला एक साडी देऊ केली. तिने घेतली नाही.

साड्या सगळ्या आहेत. घड्या नव्या आहेत. वास नाही.